‘गाभ्रीचा पाऊस’ परभणीतून बघताना

आजचा सिनेमा विदर्भातला, पण परभणीत बसून बघताना परका वाटतच नाही. सतीश मनवरांचा २००९चा ‘गाभ्रीचा पाऊस’. गाभ्रीचा ही वऱ्हाडी शिवी. ज्याची वाट बघत डोळे शिणतात, त्या पावसालाच शिवी! तिकडंही काळी जमीन, तिकडंही कापूस. दुबार पेरणी तर आपल्या मानवत-सेलूच्या शिवारात उचलून ठेवावी अशी.

शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय. तेव्हापासून अलकाला, म्हणजे सोनाली कुलकर्णीला, नवऱ्याचा धसका बसलाय. किस्ना (गिरीश कुलकर्णी) जरा गप्प बसला की हिच्या पोटात गोळा. मग ती काय करते, तर लहानग्या दिनूला बापावर पाळत ठेवायला लावते. बाप जाईल तिकडं पोरगं मागं. घरात गोडधोड सुरू. किस्नाला कळेना, एवढं कौतुक कशापायी! आपण हसतो इथं, अन् हसता हसता घसा दाटतो. विनोद आहे, पण बोलीची टिंगल नाही. हे आपल्याकडं दुर्मीळच.

पेपरातल्या बातमीत शेवटची ओळ असते बघा, ‘पश्चात पत्नी, मुले असा परिवार’. हा सिनेमा त्या ओळीतल्या बाईपाशी जातो, तेही नवरा जिवंत असताना. कर्ज किती, पाऊस किती, हे सगळेच विचारतात. तिची झोप कुणी विचारत नाही.

घरातल्या बायामाणसांसोबत बघा. त्या कुठं गप्प होतात, तेवढं मला कळवा.