रक्तगटाची अडचण सरली, बाईच्या संमतीचं काय?

(हेमलकसा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



घरात कुणाला किडनी द्यायची वेळ आली की बाईला आजवर एक आडोसा होता. ‘रक्तगट जुळत नाही’ असं डॉक्टरांनी सांगितलं की विषय संपायचा. जिला द्यायची नसेल तिला स्वतःच्या तोंडाने ‘नाही’ म्हणावं लागत नसे. तो आडोसा आता राहिलेला नाही.

वेगळ्या रक्तगटाची किडनी शरीर नाकारतं, कारण त्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात आधीपासूनच असतात. शस्त्रक्रियेपूर्वी प्लाझ्मा बदलून ती कमी करायची आणि नवी तयार होऊ नयेत म्हणून औषधं द्यायची, अशी ही पद्धत. जपानमध्ये मृत व्यक्तींचे अवयव फार कमी मिळत, म्हणून तिथे १९८९ पासून ती रुजली. तिथल्या ४४१ रुग्णांचा अहवाल २००४ साली आला. नऊ वर्षांनी ५९ टक्के किडन्या काम करत होत्या. रक्तगट जुळणाऱ्यांतही जवळपास तेवढ्याच. २०१९ साली ‘लॅन्सेट’ने ४० अभ्यास एकत्र तपासून छापले. पहिली काही वर्षं मृत्यूचं प्रमाण जास्त दिसतं, आठ वर्षांनंतर फरक उरत नाही.

म्हणजे धोका सुरुवातीचा, आणि त्यात मोठा वाटा जंतुसंसर्गाचा. हे आपल्या भागात नीट ऐकायला हवं. प्रतिकारशक्ती दाबलेला माणूस घरी परततो तो मलेरियाच्या, क्षयाच्या मुलखात. नागपूर तीनशे किलोमीटरांहून लांब, आणि पर्लकोटेला पूर आला की भामरागड किती वेळा तुटलं आहे! शिवाय गोळ्या जन्मभर. जपानचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत.

हे झालं किडनी घेणाऱ्याचं. देणारीचं काय? १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यांतली २९,६९५ पुरुषांवर, ६,९४५ बायकांवर. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. बहुतेक दात्यांची तब्येत पुढे चांगली राहते, हे खरं. पण २०१५ सालच्या कॅनडातल्या अभ्यासात किडनी दिलेल्या बायकांपैकी ११ टक्क्यांना पुढच्या गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास झाला, न दिलेल्यांत ५ टक्क्यांना. मूल हवं असलेल्या सुनेला हे कोण सांगतं?

एक गंमतही आहे. बायकोला किडनी हवी असताना ‘आमचा गट जुळत नाही’ म्हणणाऱ्या नवऱ्याचीही सबब गेली. त्याला आता किती जण विचारतात, ते बघू या.

खर्च पेलत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करता येते. २०११ च्या दुरुस्तीने कायद्यात तिला जागा दिली. ती आधी विचारा. आणि २०१४ च्या नियमांत लिहिलंय, की दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने पडताळावी. ही दुसरी व्यक्ती सासूच असेल तर काय उपयोग? तिच्याशी एकटीशी, तिच्या भाषेत, माडिया असेल तर माडियात बोलणारं माणूस मागा. तिने नको म्हटलं, तर घरच्यांना ‘दाता म्हणून योग्य नाही’ एवढंच कळवा, कारण सांगू नका, अशी विनंती डॉक्टरांना करा. पुष्कळ डॉक्टर ती मानतात.