बाळंतिणीची विचारपूस
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘स्त्रियांचे आरोग्य’ हा विषय दिला, तेव्हा पालेभाज्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या यांवर बोलून वेळ मारून न्यावी, असे खरोखरच मनात आले होते. परंतु माझ्या धाकट्या जावेने मला एक गोष्ट सांगावयास परवानगी दिली. “नाव घेऊ नका, ताई, पण सांगा,” असे ती म्हणाली.

तिला दुसरी मुलगी झाली, ते दिवस रोवणीचे होते. घरात कोणी वाईट बोलले नाही. पहिलीच्या वेळी गल्लीभर पेढे वाटले होते, दुसरीच्या वेळी कोणाला आठवण झाली नाही, एवढेच. सव्वा महिना उलटला आणि ती मला म्हणू लागली, “ताई, अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, हातापायांत जीव नाही.” मी तिला एका दवाखान्यात नेले. तेथे मान वर न करता औषधाची बाटली लिहून मिळाली. पण डॉक्टरांना कशाला बोल लावू? ती रात्र रात्र जागी असते, हे मला दिसत होते. “आम्हांला काय मुले झाली नाहीत?” असे म्हणून मी बांधीवर निघून गेले.

एके दुपारी शेळ्या चारणाऱ्या एका बाईने तिला बोडीत कमरेइतक्या पाण्यात उभी पाहिली. कडेवर बाळ होते. त्या बाईने आरडाओरडा केला नाही. “पोरीला माझ्याजवळ दे, आणि तूही ये,” एवढेच म्हणाली आणि हात धरून दोघींना घरी आणले. त्या माउलीचे उपकार मी फेडू शकणार नाही.

नंतर ‘बाहेरची बाधा’ म्हणून मांत्रिकाकडेही एक फेरी झाली, हे मी लपवीत नाही. पुढे मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी पहिलेच विचारले, “बाळ झोपलेले असतानाही तुला झोप लागत नाही का?” आणि जाऊबाई ढसाढसा रडली. इतक्या दिवसांत हे कोणी विचारलेच नव्हते. गोळ्या सुरू झाल्या. दूध तोडावे लागले नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या डॉक्टर निवडून देतात. बरी व्हायला तिला दिवाळीपलीकडचे दिवस लागले.

त्यानंतर मी या विषयावरचे मिळेल ते वाचले. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली आणि ती माहिती 1989 साली प्रसिद्ध झाली. शंभरांतील 92 जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. पण त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या शंभरांत फक्त 8 होत्या. म्हणून अंगावरून जाणे हे ‘बायकांचे असतेच’ म्हणून सोडून देऊ नये. तपासणी करून घ्यावीच.

पण गोष्ट येथे संपत नाही. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची अशीच पाहणी झाली, ती 2005 साली छापून आली. तेथे असे दिसले की, पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या पुष्कळजणींना जंतूंचा रोग नव्हताच. त्या तक्रारीचे नाते मनाच्या खचण्याशी अधिक होते. मन दुखते असे म्हणावयाची आपल्याला सोयच नाही. कंबर दुखते असे म्हणता येते.

गोव्यातच एका जिल्हा रुग्णालयात 270 गरोदर स्त्रियांची पुढे बाळंतपणानंतरही विचारपूस झाली. ती पाहणी 2002 सालची. सहा ते आठ आठवड्यांनी शंभरांतील 23 जणी खिन्नतेने आजारी होत्या, आणि त्यांतील बहुतेकजणी गरोदरपणातच कष्टी होत्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही कारणे आढळली. पेढ्यांची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे पुष्कळजणींना होते, ते दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही राहिले, तर तो आजार समजावा. हजारांत एखाद-दुसरीला मात्र पहिल्या पंधरवड्यातच भ्रम होतो, नाही ते ऐकू येते, झोप मुळीच उडते. तेथे एक दिवसही थांबू नये. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो, त्यांना एकटे ठेवू नये.

आणखी एक, संकोच सोडून. बाळंतपणानंतर पतीजवळ जाण्याची भीती वाटणे, दुखणे, पुन्हा दिवस राहतील या धास्तीने रात्र नकोशी होणे, हेही दुखणेच आहे. ‘मला नको’ म्हणणारी बाई वाईट नव्हे. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात या गोष्टी उघड लिहिल्या आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले. आपण निदान आपापसांत तरी बोलावे.

इस्पितळात ठेवले तर बाळ हिरावून घेतील, ही भीती माझ्या सासूबाईंना होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालील मुलाला आईपासून सहसा दूर करता येत नाही; केल्यास कारण असावे लागते. आणि 14416 या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फुकट बोलता येते, मराठीतही.

आशाताई बाळाचे वजन करण्यासाठी बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येतात. आपल्यापैकी कोणी त्यांच्याबरोबर जावे, अशी माझी सूचना आहे. बाळ त्यांनी पाहावे. आपण बाळंतिणीजवळ बसावे. सासूबाईंना चहा टाकावयास सांगावे, म्हणजे ती दहा मिनिटे मोकळेपणी बोलेल. धाकट्या जाऊबाईने पहिल्या घरी जाण्याचे कबूल केले आहे. तिच्यासोबत कोण जाणार, त्यांनी आपले नाव कार्यक्रमानंतर चिटणीसबाईंकडे द्यावे.