चार घरं, एक सुई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्या-मुंबईकडं जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्याकडं वाकळ म्हणतात. देगलूर ओलांडून तेलंगणात गेलं की तिची बोंत होते, निलंग्याच्या पलीकडं कर्नाटकात कौदी. नावं बदलली तरी टाका तोच, साधा धावदोरा. पन्नासहून अधिक वर्षं मी तो घालते आहे. या काळात घरं चार झाली, सुई मात्र सुटली नाही.

पहिलं घर माहेरचं, औसा तालुक्यातलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. ज्वारीची रास घरात आली, शेतातली कामं सरली, की माय ओसरीवर वाकळ अंथरायची. दोन नऊवारी लुगडी आणि एक धोतर एवढ्यात एका माणसाची वाकळ होते. जीर्ण कापड आत, त्यातल्या त्यात धड ते वर. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून थर ताणायचे, लांब टाक्यांनी बांधून घ्यायचे. हे नीट केलं नाही, तर कापड मधे गोळा होतं. मग काठापासून फिरत फिरत मध्यावर यायचं. शेवटचे टाके घालण्याआधी माय आत भाकरीचा तुकडा ठेवी. वाकळ उपाशी राहू नये म्हणे.

लग्नानंतर नांदेडला आले. भाड्याची दीड खोली, वाकळ अंथरायला जागाच नाही. मग घडी घालून एकेक चौथाई शिवायला शिकले. शेजारी दखनी बोलणारी एक खाला होती. दुपारी दोघी मिळून बसायचो. तिचे जुने दुपट्टे माझ्या वाकळेत आले, माझ्या लुगड्याचे काठ तिच्या रजईला लागले.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसं गेली. झोपलेल्यांवर माळवदं कोसळली. माझी भावजय त्यात गेली. मी मायच्या सोबतीला पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, ते माझं तिसरं घर. मदतीच्या चादरी, कपडे भरपूर आले होते. पण ढिगाऱ्यातून निघालेलं भावजयीचं लुगडं तसंच पडून होतं, त्याला हात लावायला कुणी धजेना. महिनाभरानं मायनंच ते मागितलं. लेकरं दोन, लुगडं एक, म्हणून ते मधोमध फाडलं आणि दोघांना दोन वाकळा केल्या. त्या दिवसांत माय फारसं बोलली नाही. शिवत मात्र रोज बसायची.

आता मी लातूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. जागा आहे, उजेड आहे, अडचण कापडाची आहे. हा कापसाचा मुलूख. ‘नांदेड ४४’ हे कपाशीचं वाण नांदेडच्या संशोधन केंद्रातलं. आता शेतात सोयाबीन वाढलं आणि अंगावर पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्यांचे थर घसरतात, त्या घाम शोषत नाहीत. दुकानात मशीनवर शिवलेल्या सुरेख गोधड्या मिळतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण त्या नव्या कोऱ्या कापडाच्या असतात. वापरून, धुऊन मऊ झालेल्या सुताची ऊब वेगळी, शिवाय त्यातलं कोणतं ठिगळ कुणाचं हे घरातल्यांना सांगता येतं.

म्हणून एवढंच सांगते. कपाटात आजीचं सुती लुगडं, वडिलांचं धोतर असेल, तर एका भांड्यासाठी ते बोहारणीला देऊ नका. विरलेला भाग कापून काढा, उरलेलं धुऊन ठेवा. घरात कुणाला शिवता येत असेल, तर तिच्याजवळ बसा. आधी नुसता सुईत दोरा ओवून द्या. माझी नात सध्या तेवढंच करते.