प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या



आजारी पडलेल्या, कोणी न पाहिलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, हे आपण जाणतो. आम्ही मंडळाचे कार्यकर्ते मूत्रपिंडाच्या रुग्णांबरोबर दवाखान्यात जातो, तेव्हा शुश्रूषेत आणखी एक काम येते : गोळ्यांचा हिशेब.

आईने मूत्रपिंड दिले तरी मुलाच्या शरीराला ते परकेच. रक्तातील टी-पेशी त्यावर तुटून पडतात. १९५४ साली बोस्टनला पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले ते एकसारख्या जुळ्या भावांत, म्हणून निभावले. इतरांना औषधांचाच आधार. नॉर्वेच्या मातीतील बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. जपानच्या त्सुकुबा येथील मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस. दोन्ही औषधे टी-पेशींतील कॅल्सिन्युरिन अडवतात, त्यामुळे हल्ल्याची वर्दी देणारे रसायन तयार होत नाही. जोडीला बहुधा मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन असतात. हे सर्व रोज, ठरल्या वेळी, मूत्रपिंड चालते आहे तोवर. बरे वाटते म्हणून गोळी सोडायची नाही.

खरी फसगत दुसऱ्याच औषधाने होते. आमच्या एका बांधवाला प्रत्यारोपणानंतर क्षय झाला. त्याने वस्तीजवळच्या डॉक्टरांकडून औषध सुरू केले, पण जुन्या गोळ्यांचे सांगितलेच नाही. रिफाम्पिसिनमुळे यकृत आणि आतडी टॅक्रोलिमस झपाट्याने मोडून टाकतात. रक्तातील प्रमाण घसरले, क्रिएटिनिन चढले. मूत्रपिंड थोडक्यात वाचले. क्षयाचे औषध टाळायचे नव्हते. रिफाब्युटिन देऊन डोस बदलता आला असता.

उलटही घडते. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाने टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढते, आणि वाढलेले टॅक्रोलिमस मूत्रपिंडालाच इजा करते. अंगदुखीवर दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनही त्याला मारक. जुन्या रुग्णांना अ‍ॅझाथायोप्रिन चालू असेल तर गाउटचे अ‍ॅलोप्युरिनॉल त्यासोबत परस्पर घेऊ नये. रक्तपेशी धोकादायकरीत्या घटतात.

प्रमाण तपासायला रक्त द्यायचे ते सकाळची गोळी घेण्याआधी. आमच्यातलेच काहीजण रुग्णाला गोळी देऊन मग रांगेत उभे करीत, आणि आकडा चुकीचा येई! आता रुग्णाच्या वहीत पहिल्याच पानावर औषधांची नावे लिहून देतो. दाताच्या डॉक्टरांकडे जातानाही ती वही बरोबर न्यायची आहे. कोऱ्या वह्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, घरी रुग्ण असेल त्यांनी घेऊन जाव्यात.

जयभीम!