परतून आलेले नायक
(ग्रंथालयाच्या शतकपूर्तीनिमित्त मन्नाएखेळ्ळी येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेत नेहमीचा विषय म्हणजे ग्रंथांचे माहात्म्य. आजचा विषय थोडा निराळा, पण त्याच अंगणातला आहे. वाचकांनी जिवापाड प्रेम केलेला एखादा नायक कथामाला संपल्यावर काही वर्षांनी पुन्हा अवतरतो. कधी मूळ लेखकाच्याच हातून, कधी दुसऱ्याच्या, कधी पुस्तकातून, तर कधी पडद्यावर. तो परत येतो तेव्हा पूर्वीचाच असतो काय? नसेल, तर त्याला जुन्या नावाने हाक मारण्याचा अधिकार कोणाला?

हा प्रश्न विज्ञानकथेच्या क्षेत्रात विशेष तीव्रतेने उभा राहतो. विज्ञानकथेचा नायक उद्याच्या जगात वावरतो आणि ते उद्याचे जग पाहता पाहता कालचे होऊन जाते. त्यामुळे त्याला पुन्हा आणावयाचे तर काही ना काही बदलणे भागच पडते.

सर्वांत बोधप्रद उदाहरण ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोचे. 1869-70 मध्ये प्रसिद्ध झालेल्या समुद्रतळाच्या सफरीच्या कादंबरीत हा नायक प्रथम आला. लॅटिन भाषेत ‘निमो’ म्हणजे ‘कोणी नाही’. त्याचा देश, त्याचे कूळ, त्याच्या सूडाचे कारण हे सारे लेखकाने झाकून ठेवले. जहाजे बुडविणारा, ग्रंथ आणि संगीत यांत रमणारा हा एकाकी पुरुष अखेर आपल्या पाणबुडीसह भोवऱ्यात सापडतो आणि त्याचे पुढे काय झाले, हे वाचकाला कळत नाही.

1874-75 मध्ये ‘गूढ बेटा’च्या कादंबरीत तो परत आला, तो ओळखू न येण्याइतका बदलून. आता तो वृद्ध आहे. बेटावर अडकलेल्या माणसांना तो अदृश्य राहून मदत करतो आणि मृत्युशय्येवर आपले खरे नाव सांगतो: राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र. 1857 च्या उठावात लढलेला आणि त्यात सर्वस्व गमावलेला. इतकेच नव्हे, तर व्हर्नने त्याला टिपू सुलतानाचा पुतण्या म्हटले आहे! इतिहासाच्या अभ्यासकाला येथे हसू येईल. टिपू 1799 मध्ये श्रीरंगपट्टणात पडला. बुंदेलखंडाशी त्याच्या घराण्याचा संबंध लावणे अवघडच. दोन्ही कादंबऱ्यांतील सनांचाही मेळ बसत नाही. तरीही कर्नाटकात राहणाऱ्या मराठी वाचकाला, जगातल्या या अत्यंत प्रसिद्ध पाणबुडीचा कप्तान आपल्या मातीचा निघाला, याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

हा बदल वाचकांनी का स्वीकारला? कारण त्याचे बीज पहिल्याच कादंबरीत पडलेले होते. सिंहलद्वीपाजवळ मोती काढणाऱ्या एका गरीब पाणबुड्यावर शार्क माशाने झडप घातली, तेव्हा निमो हातात सुरी घेऊन धावला होता. हा मनुष्य दडपलेल्या देशाचा आहे आणि आपणही अशाच देशाचे आहोत, असे तो तेव्हाच बोलून गेला होता. पुढील पुस्तकाने नवे काही चिकटविले नाही. आत होते ते उकलून दाखविले. सनावळी चुकली, पण स्वभाव चुकला नाही.

पुढे चित्रपटसृष्टीने हाच नायक पुन्हा पुन्हा उचलला. 1954 च्या डिस्ने चित्रपटात जेम्स मेसन या इंग्रज नटाने तो रंगविला आणि त्याचे हिंदी असणे पुसून गेले. 2003 मध्ये एका हॉलिवूडपटात नसिरुद्दीन शाह यांनी ती भूमिका केली आणि निमो पुन्हा हिंदी झाला. एकाच नायकाचे एक पुनरागमन त्याचे कूळ झाकते, दुसरे ते परत देते. एवढ्यावरून एक कसोटी हाती लागते. नायक बदलला की नाही, हे विचारणे व्यर्थ आहे, कारण बदल होणारच. तो बदल मूळ बीजातून उगवला की वरून कलम केला, हे पाहावे.

इंग्लंडमधील ‘डॉक्टर हू’ ही दूरचित्रवाणी मालिका 1963 मध्ये सुरू झाली. प्रमुख नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली, तेव्हा 1966 मध्ये निर्मात्यांनी नायकाचा देहच पालटतो, अशी युक्ती काढली. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे त्या कथामालेचा नियम बनली. 1989 मध्ये मालिका थांबली आणि 2005 मध्ये परत आली, तेव्हा तोच प्रवासी आपल्या लोकांच्या विनाशाचे ओझे वाहणारा एकाकी जीव झाला होता. हसतमुखपणाआड दुःख आले. कुतूहल आणि दुर्बळाची बाजू घेण्याची वृत्ती मात्र टिकली. अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ 1966 ते 1969 या काळात चालली. तिच्यातील स्पॉक हा अर्धा मानव आणि अर्धा परग्रहवासी, तर्काने भावनेला लगाम घालणारा. 2009 च्या चित्रपटात नव्या नटाने साकारलेल्या स्पॉकचा तो लगाम सैल झालेला दिसतो. काही जुन्या चाहत्यांना हे रुचले नाही. पण त्याच्या अंगातील मानवी अर्ध पहिल्या दिवसापासून होतेच. त्याच चित्रपटात लेनर्ड निमॉय यांचा मूळ स्पॉकही वृद्ध रूपात समोर उभा केला होता, जणू जुन्याने नव्याला आशीर्वाद द्यावा.

आता मराठीकडे वळू या. ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणणाऱ्यांत भा. रा. भागवत यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1910 मध्ये जन्मलेल्या आणि 2001 मध्ये निवर्तलेल्या या लेखकाने व्हर्नच्या कथा मराठीत आणल्या, स्वतः विज्ञानकथाही लिहिल्या. पण घरोघरी पोहोचला तो त्यांचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे. काटेकोर अर्थाने या विज्ञानकथा नव्हेत, साहसकथा आहेत. पण पुनरागमनाचा प्रश्न मराठीत सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो याच नायकामुळे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, किडकिडीत, सायकलवर वाऱ्यासारखा धावणारा, जिभेने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा हा मुलगा वीस पुस्तकांतून प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत हिंडला. त्याच्याजवळ पैसा नव्हता, बळ नव्हते. होते ते तल्लख डोके, नको तिथे नाक खुपसण्याची खोड आणि अन्याय पाहून स्वस्थ न बसणारे मन.

1987 मध्ये तो दूरदर्शनवर आला. सुमीत राघवन यांनी रंगविलेला तो फेणे शाळकरीच राहिला. 2017 मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ यांनी तो साकारला, तेव्हा मात्र तो तरुण झाला होता, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला. विमानचोर आणि वादळे मागे पडली. समोर परीक्षांच्या बाजाराचा काळा धंदा उभा राहिला. एक सुंदर योजनाही त्यात होती: दिलीप प्रभावळकर यांच्या रूपाने स्वतः भा. रा. भागवतच चित्रपटात एक पात्र होऊन आले आणि निर्मिक व निर्मिती यांची पडद्यावर भेट झाली.

कसोटी लावली तर काय दिसते? चौकसपणा टिकला, धाव टिकली, अन्यायाची चीड टिकली. शिक्षणाचा बाजार मांडणाऱ्यांशी झुंज ही आजच्या फेणेला साजेशीच आहे. या अर्थी बीज शाबूत आहे. परंतु एक गोष्ट हरवली आणि ती लहान नाही. पूर्वी फेणे वाचलेली मुले आता आईबाप झाली. चित्रपटाने त्यांच्याबरोबर फेणेचे वय वाढविले. त्यामुळे आजच्या दहा वर्षांच्या मुलाचा समवयस्क सवंगडी पडद्यावर उरला नाही. मोठ्यांच्या मदतीवाचून मूलसुद्धा जगाचा एखादा कोपरा नीट करू शकते, हा त्या पुस्तकांचा मूळ दिलासा होता. शिवाय भागवतांची खेळकर, कोट्या करणारी, मुलांशी कानगोष्टी करणारी निवेदनशैली कोणत्याही कॅमेऱ्यात मावणारी नाही. ती पुस्तकातच राहते.

आणि येथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. 1956 च्या भाषावार पुनर्रचनेनंतर बिदर-कलबुर्गीच्या या पट्ट्यातील मराठी घरे कानडी राज्याच्या व्यवहारात स्थिरावली. बाजारात कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून नांदतात, ही श्रीमंतीच आहे. पण कानडी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणारे मराठी मूल मातृभाषा कानांनी ऐकते, डोळ्यांनी वाचत नाही. अशा मुलाला फेणे भेटला तर तो पडद्यावरच भेटणार. म्हणून पुनरागमनाला नाके मुरडून चालणार नाही. या भागात तो नायक दारापर्यंत येण्याची ती एकमेव वाट असू शकते. मात्र दारापासून कपाटापर्यंतचे अंतर त्याला कोणीतरी हात धरून चालवावे लागेल.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. बालविभागातील जीर्ण प्रती रद्दीत न घालता बांधून घ्याव्यात. एखाद्या कथेवरील चित्रपट गाजत असेल तेव्हा मूळ पुस्तक दर्शनी फळीवर मांडावे. ज्या मुलांना देवनागरी अक्षरे सराईत नाहीत, त्यांच्यासाठी सभासदांनी आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकता ऐकता मूल ओळीवर बोट ठेवू लागते, हा अनुभव जुना आहे.

नायक परत येतील, चेहरे पालटतील, वय आणि वेषही पालटतील. नवे रूप जुन्याला पुसू शकत नाही, मात्र जुने कोठेतरी जपलेले असले पाहिजे. मूळ निमो, मूळ फेणे कपाटात उभा असेल, तरच पुढची पिढी नव्याशी त्याची तुलना करील, भांडेल आणि आपला निवाडा आपण देईल.