प्रयोगवहीतली गुळवेल

(स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, थोडा वेळ बोल, विषय तुझा तू निवड. तो मला आपल्या बॅचच्या ग्रुपनेच दिला. करोनापासून तिथे गुळवेलीच्या काढ्याचे निरोप फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'केईएममध्ये सिद्ध झालंय.' मी सॉफ्टवेअरवाली. 'टेस्ट पास झाली' असं कुणी म्हटलं की 'कुठली टेस्ट?' हे विचारणं हा माझा रोजचा धंदा. म्हणून केईएममधल्या कामाबद्दल वाचायला घेतलं.

त्या कामात एक नाव पुन्हा पुन्हा येतं, डॉ. शरदिनी डहाणूकर. त्यांची 'फुलवा', 'वृक्षगान' ही पुस्तकं इथल्या कितीतरी घरांत असतील. झाडाफुलांवर इतक्या जिव्हाळ्याने लिहिणाऱ्या या बाई परळच्या केईएममध्ये औषधशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. आयुर्वेदातल्या वनस्पती आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर तपासणं, हे त्यांचं अनेक वर्षांचं काम. १९८९ साली डॉ. उर्मिला थत्ते यांच्यासोबत त्यांनी 'आयुर्वेद रिव्हिजिटेड' हे पुस्तक लिहिलं. १९९९ साली या दोघी आणि डॉ. रेगे यांचा गुळवेल, शतावरी, आवळा, अश्वगंधा, पिंपळी आणि हिरडा या सहा रसायन वनस्पतींवरचा निबंध आला. २००० साली औषधी वनस्पतींवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला.

गुळवेलीसाठी महत्त्वाचा निबंध १९९३ सालचा. आठवतं ना, प्रयोगवहीत आपण उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे मथळे आखायचो? शोधनिबंध त्याच क्रमाने वाचायचा असतो.

उद्देश काय होता? पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी पित्ताचा निचरा करून तयार करतात. त्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका मोठा. तो कमी करता येईल का, हा प्रश्न होता.

कृती अशी. तीस रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, म्हणजे निचरा, अँटिबायोटिक आणि व्हिटॅमिन के. एका गटाला त्याशिवाय निचऱ्याच्या काळात गुळवेल, वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला दिवसाला जेमतेम एक ग्रॅम.

निरीक्षण थक्क करणारं आहे. गुळवेल न घेतलेल्या गटात निम्म्या रुग्णांमध्ये रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची लक्षणं दिसली, घेतलेल्यांत एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के.

पण त्याच निबंधात आणखी एक ओळ आहे, ती निरोपात कधीच येत नाही. निचऱ्यानंतर यकृताचं काम दोन्ही गटांत सारखंच होतं. फरक पडला तो जंतूंना गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या ताकदीत. म्हणजे 'गुळवेल लिव्हर साफ करते' असं हा निबंध म्हणत नाही. धडधाकट माणसाने वर्षभर पेलाभर काढा प्यावा, असं तर मुळीच म्हणत नाही. रुग्णालयात, ठरलेल्या मात्रेत, ठरावीक दिवस, तीस रुग्णांवर केलेला हा प्रयोग आहे.

आणि २०२१ साली मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, हे तपासलं गेलं नाही. तिच्या जातभाई वेली सारख्याच दिसतात. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी अर्थ एकच. नॅशनल पार्कच्या कडेने हृदयाच्या आकाराची पानं दिसली म्हणून वेल तोडून आणून उकळणं आणि १९९३ चा प्रयोग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या निबंधावर पाच नावं आहेत. पहिलं डॉ. रेगे यांचं, शेवटचं डहाणूकर बाईंचं. अशा निबंधांत प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं नाव सहसा पुढे आणि मार्गदर्शकाचं शेवटी असतं. समोर बसलेल्या सर आणि बाईंना हे वेगळं समजावायला नको. त्यांची नावं तर आमच्या कुठल्याच कामावर छापलेली नाहीत.

बाई, तुम्ही 'निरीक्षण' आणि 'अनुमान' वेगळ्या मथळ्यांखाली लिहायला लावलंत आणि निरीक्षणात नसलेलं अनुमान लाल शाईने खोडलंत. तेव्हा राग यायचा. डहाणूकर बाईंच्या निबंधांचं मोल मला त्याच शिस्तीत दिसलं. जेवढं पाहिलं, तेवढंच लिहिलं.

आता आपण पंचेचाळिशीच्या आसपास आहोत आणि आपले शिक्षक सत्तरी-ऐंशीत. बहुतेकांच्या रोजच्या गोळ्या सुरू आहेत. म्हणून हात जोडून एवढंच सांगते. कुठलाही काढा, चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना त्याचं नाव सांगा, वैद्यांना गोळ्यांची नावं सांगा. डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, तर काढा थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुढच्या संमेलनाला आपण सगळे हवे आहोत.