फुप्फुसांचा रक्तदाब आणि श्वासावाटे घ्यावयाचें औषध

सकाळच्या गर्दींत डोंबिवली स्थानकाच्या पुलावर एखादी बाई कठडा धरून धापा टाकीत उभी राहिली, तर येणारेजाणारे तिला दमेकरी समजतात. कोणी पाण्याची बाटली पुढें करतो. कोणी आपल्या पिशवींतील दम्याचा निळा पंप काढतो. आणि एखादे वयस्क गृहस्थ छातींत कळ आली असतां जिभेखालीं धरावयाची गोळी देऊं करतात. तिघांचाही हेतु चांगला असतो. परंतु त्या बाईचा श्वास दम्यानें अडलेला नसून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद झाल्यामुळें अडला असेल, तर पंपानें तिचें मूळ दुखणें हलत नाहीं, आणि ती गोळी तर तिच्या जिवावर बेतूं शकते.

ह्या विकारास फुप्फुस-धमन्यांचा उच्च रक्तदाब असें म्हणतात. दंडाला पट्टा बांधून जो रक्तदाब मोजतात तो हा नव्हे. तो अशा रोग्यांत नेहमीसारखा, किंबहुना थोडा कमीही आढळतो. सर्व शरीरांतून परत आलेलें रक्त हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांत ढकलते. निरोगी माणूस स्वस्थ असतां तेथील सरासरी दाब पाऱ्याच्या सुमारें १४ मिलिमीटर इतकाच असतो. पूर्वीं तो २५ पर्यंत चढल्यावर विकार मानीत असत. २०२२ सालीं युरोपांतील तज्ज्ञांनीं ही मर्यादा २० वर आणली. धमन्यांच्या भिंती जाड होत जातात, रक्ताची वाट अरुंद होते, आणि हलक्या कामाची संवय असलेला हृदयाचा उजवा कप्पा हळूहळू थकतो. जिना चढतांना धाप, पावलांवर सूज, कधीं एकाएकी भोवळ, अशीं हीं लक्षणें. तीं अशक्तपणाचीं किंवा वयाचीं म्हणून वर्षानुवर्षें खपून जातात. हृदयाच्या ‘एको’ तपासणींत संशय येतो. खात्री मात्र हृदयांत बारीक नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजल्यावांचून होत नाहीं.

रक्तवाहिन्या सैल ठेवणारा एक पदार्थ आपलें शरीर स्वतःच तयार करीत असतें. जॉन व्हेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ सालीं त्याचा शोध लाविला. पुढें त्यालाच प्रोस्टासायक्लिन असें नांव मिळालें, आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकांत ह्या कामाचा वांटा होता. अडचण एवढीच कीं, हा पदार्थ कांहीं मिनिटांतच निकामी होतो. म्हणून प्रथम तो शिरेंतून अहोरात्र चालूं ठेवावा लागे. पुढें त्याच घराण्यांतील, तुषाररूपानें श्वासावाटे घेतां येतील अशीं औषधें निघालीं: इलोप्रोस्टला अमेरिकेंत २००४ सालीं मान्यता मिळाली, ट्रेप्रोस्टिनिलला २००९ सालीं. गोळ्यांनीं भागत नाहीं अशा निवडक रोग्यांसच तज्ज्ञ तीं देतात.

आपल्या घरांत तुषार म्हटला कीं वाफाऱ्याची आठवण होते. सर्दी झाली, पातेल्यांत नीलगिरीचे चार थेंब टाकले, डोक्यावरून पंचा घेतला; त्यांत कमीअधिक झालें तरी कोणाचें फारसें बिघडत नाहीं. ह्या औषधाकडे त्या दृष्टीनें पाहणें हीच पहिली चूक. श्वासावाटे घेतल्यानें औषध सौम्य होत नाहीं. तें फुप्फुसांतून रक्तांत जातें, सर्व शरीराच्या वाहिन्या सैल करतें आणि दंडावरचा रक्तदाबही उतरवितें. म्हणून तें घेण्यापूर्वीं, डॉक्टरांनीं सांगितलें असेल त्याप्रमाणें, रक्तदाब पाहावा. बसून घ्यावें, आणि झाल्यावर एकदम उठूं नये. खोकला, डोकेदुखी, चेहरा लाल होणें, जबडा दुखणें हे त्रास सुरुवातीस पुष्कळांना होतात. ते डॉक्टरांच्या कानावर घालावे, परंतु आपल्या मनानें औषध सोडूं नये. शुद्ध हरपली, खोकल्यांतून रक्त आलें, किंवा औषध घेतल्यावर धाप उतरण्याऐवजीं वाढली, तर वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें. रक्त पातळ करणारीं औषधें चालूं असलीं तर रक्तस्रावाचें भय अधिक असतें.

उपकरण ज्या औषधाकरितां दिलें त्याच औषधाकरितां वापरावें. शेजारच्या मुलाच्या खोकल्यासाठीं आणलेलें वाफेचें यंत्र दिसावयास सारखें असलें, तरी त्यांतून थेंबांचा आकार व मात्रा तीच मिळेल असें नाहीं. त्याच भांड्यांत दुसरें औषध मिसळण्याचा विचारही करूं नये. इलोप्रोस्टची कुपी एका वेळेपुरती असते. उरलेलें औषध महागाचें म्हणून जपून ठेवण्याचा मोह गृहिणीस होणें साहजिक आहे, पण तें टाकूनच द्यावें लागतें. अंगावर किंवा डोळ्यांत उडालें तर लगेच पाण्यानें धुवावें.

आणखी एक गोष्ट बैठ्या चाळींतल्या आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांना विशेषेंकरून लागू आहे. रोग्यानें सोडलेल्या हवेंतून थोडें औषध खोलींत पसरतें. कल्याण-डोंबिवलीकडे एकाच खोलींत आजी औषध घेते, सून स्वयंपाक करते आणि पाळण्यांत तान्हें मूल असतें, हें चित्र कांहीं दुर्मिळ नाहीं. इलोप्रोस्ट घेतांना खिडक्या उघड्या असाव्या, आणि गरोदर स्त्री व तान्हें मूल तेवढा वेळ दुसरीकडे असावें. औषध घेण्यास चारपासून दहा मिनिटें लागतात. तेवढी सोय शेजाऱ्यांच्या ओटीवरही होते.

खरी कसोटी वेळेची. इलोप्रोस्टचा अंमल थोड्याच वेळांत ओसरतो. म्हणून तें जागेपणीं सहा ते नऊ वेळां घ्यावें लागतें, दोन वेळांत निदान दोन तासांचें अंतर राखून. ट्रेप्रोस्टिनिल दिवसांतून चार वेळां, ठरलेले श्वास मोजून घेतात. मध्येंच खंड पडला तर उतरलेला दाब पुन्हां उसळूं शकतो. आणि चुकलेल्याची भरपाई म्हणून पुढें दुप्पट घेणेंही धोक्याचें. डोंबिवलीहून मुंबईस कामाला जाणाऱ्याचा तासाहून अधिक वेळ नुसता गाडींत जातो, आणि तेथें तर हात वर करावयासही जागा नसते. त्यानें आपलें वेळापत्रक गाडीच्या वेळापत्रकाशेजारीं ठेवूनच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें, आणि कचेरींत एखादी हवेशीर, निवांत जागा अगोदर मागून घ्यावी.

२६ जुलै २००५ चा दिवस ह्या भागांतील लोक विसरलेले नाहींत. सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कल्याण-बदलापूरकडे घरांत पाणी शिरलें, गाड्या जागच्या जागीं थांबल्या, वीज गेली, आणि हजारों माणसें दुसऱ्या दिवशींच घरीं पोंचलीं. तसा दिवस पुन्हां उजाडला तर सहा वेळां औषध घेणाऱ्या रोग्यानें काय करावें, ह्याचें उत्तर मे महिन्यांतच शोधलें पाहिजे. उपकरण विजेऱ्यांवर चालत असेल तर त्या भरलेल्या असाव्या. आठवड्याभराच्या कुप्या घरांत व निदान एका दिवसाच्या बरोबरच्या पिशवींत असाव्या. उपकरणच बंद पडलें तर काय करावयाचें तें डॉक्टरांकडून लिहून घ्यावें.

त्याच पिशवींत एक कागद ठेवावा. विकाराचें नांव, औषधें, उपकरण, डॉक्टरांचा दूरध्वनि, आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत जिभेखालच्या त्या गोळीसंबंधीं एक ओळ. कारण ह्या विकाराच्या पुष्कळ रोग्यांस सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही गोळी चालूं असते. तिच्याबरोबर सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट जातीची गोळी पोटांत गेली तर रक्तदाब इतका कोसळतो कीं माणूस हातचा जावा. तो कागद इंग्रजींत रुग्णालयासाठीं असावाच, पण मराठींतही असावा. पुलावर भोवळ आली तर तो प्रथम वाचणार आहे तो गोळी घेऊन पुढें आलेला वयस्क गृहस्थच.